गादी वाफवण्याची रीत

४ जानेवारी

विहीणबाई,

कमरेतून वाकून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण मग मला उठवायला घरात कुणी नाही.

पत्र बघून दचकला असाल. पोरांच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तेवढ्यात मी तुम्हाला एकदाच लिहिलं आणि तेही तुमच्या भावाच्या कोटाच्या मापाबद्दल. या वेळी फोनच करणार होतो. पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी वर्गात उभा केल्यासारखा ताठ होतो आणि काय विचारायचं तेच विसरतो.

सूनबाईचं पत्र तुम्हालाही आलंच असणार. चिरंजीवांचा पूल ऑक्टोबरअखेर बांधून होतोय, बाळ एप्रिलमध्ये येतंय, आमची ही आत्तापासूनच तिकडं मदतीला जाऊन बसलीय. आणि सूनबाई लिहितेय, ‘इथं डोळे उघडले तरी सिमेंट, मिटले तरी सिमेंट. बाळ रांगायला लागेल तेव्हा त्याच्या हाताला माती लागायला हवी. परत आलो की दोन घरांपैकी जिथं माती असेल तिथं राहू.’

तुमच्याकडं घरामागं मोठी परबाग. माझ्याकडं तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, बारा फूट लांब, साडेचार फूट रुंद. तिच्यात एक मोडकं शिलाई मशीन, कपडे वाळत घालायची दोरी आणि एक कुंडी. कुंडीत जे उभं आहे ते झाड होतं की मीच कधी काडी खोचली होती, हे आता सांगता येत नाही.

तुम्ही एकतीस वर्षं सरकारी रोपवाटिका चालवलीत. शर्यतीत समोरच्याकडंच बूट मागतोय, हे कळतंय मला. पण नातवंडानं या घरात रांगावं असं फार वाटतं हो. आम्ही नवरा-बायको आता भांडणंसुद्धा पाठ केल्यासारखी भांडतो. घरात एक नवा आवाज हवाय.

तर गॅलरीत माती कशी आणू, काय लावू, कसं जगवू, सगळं पहिल्यापासून सांगा. मला कात्री, सुई आणि इस्त्री यापलीकडं काही येत नाही. औषधं-बिषधं मारायला सांगू नका, बाळ सगळं तोंडात घालणार.

लोभ आहेच, भाजी तेवढी नाही.

तुमचा व्याही

११ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. ‘परसबाग’मधला स तुमच्याकडे राहिला आहे. सापडल्यास बसवून घ्यावा.

स्पष्ट सांगते. नातवंड माझ्याकडे यावं असं मलाही वाटतं, तुमच्यापेक्षा काकणभर जास्तच. पण एकतीस वर्षांत रोपवाटिकेच्या दारात आलेल्या कुणालाही मी चुकीचं सांगितलेलं नाही. ते आता या वयात सुरू करणार नाही.

दुकानातल्या रंगीत पुड्या आणू नका. डोंगर पोखरून आणलेली माती घेऊ नका, ती जिथली आहे तिथेच राहू दे. घरातल्या कचऱ्याचीच माती होते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. झाकणाच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा एक मूठ, त्यावर वाळलेला पाला दोन मुठी, असे थर देत जा. वास आला तर ओलं जास्त झालं असं समजा आणि आणखी पाला घाला. शिजवलेलं काही टाकू नका. उंदीर आपल्यापेक्षा हुशार असतात. भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला, साबणाचं नको.

पण हे सगळं नंतर. सर्वांत आधी एक गादी वाफा करा. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, उंची सहा इंच. याहून रुंद केलात तर मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही. गादी वाफा नीट झाला की अर्धी बाग झाली.

उत्तर काम झाल्यावर द्यावं, आधी नाही.

विहीण

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

काम झालं. म्हणून उत्तर.

आधी एक विचारतो. तुम्ही आमच्या घरी एकदाच आलात, अर्धा तास बसलात, सरबत घेतलंत. तेवढ्यात गादीचं माप कसं काय घेतलंत? तुमचं पत्र वाचलं आणि टेप घेऊन आतल्या खोलीत गेलो. आमच्या हिची माहेरची कापसाची गादी, लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, उंची सहा इंच! टेप हातातून गळाली. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय, पण नुसत्या नजरेनं असं माप मला कधी जमलं नाही. पुढच्या जन्मी शिंपी व्हा.

दुसरं म्हणजे, माझा स राहिला तसा तुमचा एक व राहिलाय. ‘गादी वाफा करा’ असं लिहिलंय तुम्ही. मी लगेच ओळखलं, ‘गादी वाफवा’. आता फिटंफाट झाली, मी कुणाला सांगणार नाही.

तर गादी वाफवली. दुकानातली वाफेची इस्त्री घरी आणली. जुन्या गादीत ढेकूण, धूळ, बुरशी, काय काय असतं. ते आधी मेल्याशिवाय तिच्यात झाड कसं लावायचं, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही पटलं. आणि तेही औषध न मारता, नुसत्या वाफेवर! एका बाजूला पावणेदोन तास दिले, दुसऱ्या बाजूला दोन. खोलीत इतकी वाफ झाली की आरशात मी दिसेना. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य धूर समजून पाण्याची बादली घेऊन वर आले. त्यांना म्हटलं, काही नाही, गादी वाफवतोय. ते बादली खाली ठेवून हळूच म्हणाले, “सध्या घरी एकटेच असता का?”

रविवारी गादी गॅलरीत नेली. नेताना दोरी तुटली, मशीन पडलं, माझं कोपर सोलवटलं, पण गादी कठड्यालगत अगदी मापात बसली.

आता पुढं काय? गादी उसवून मधे बी भरायचं की वरून नुसतं टोचायचं? टोचायचं असेल तर सुई कितवी?

तुमचा आज्ञाधारक व्याही

९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पत्र पोचलं. गादी तयार झाली हे वाचलं.

उसवू नका. टोचूही नका. वरून चार बोटं खत-माती पसरा आणि तिच्यात पालक पेरा, कडेने मुळा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल जाऊ द्या, त्याहून जास्त नको. तुमच्या बादलीतलं खत तयार व्हायला अजून दोन महिने लागतील. तोवर माझ्याकडचं एक पोतं सोमवारच्या बसने पाठवते. पोतं परत करण्याची गरज नाही.

गादीबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही.

विहीण

ता. क. या वेळी तुमच्या शुद्धलेखनात एकही चूक आढळली नाही.

२० मार्च

विहीणबाई,

पालक उगवला! आठव्या दिवशी चष्मा न लावता गॅलरीत गेलो आणि गादीवर हिरवी शिवण दिसली. बी मी खडूनं आखून रेघेत पेरलं होतं. शिंप्याचं पीक आहे, वाकडं यायचं नाही. मधे पानं पिवळी पडली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुम्हाला विचारायला धीर होईना म्हणून पोत्यातलं खत आणखी चार मुठी घातलं, तशी ती पुन्हा हिरवी झाली.

मग जागा पुरेना. दुकानात लोकांनी शिवायला टाकलेले आणि न्यायला कधीच न आलेले कपडे पडून आहेत. त्यातल्या जाड सुती पँटी काढल्या, पायांची टोकं शिवून बंद केली, दोन्ही पायांत खत-माती भरली आणि कमरेत काठी घालून कठड्याला टांगल्या. डाव्या पायात टोमॅटो, उजव्या पायात गाजर. गाजराला खोल माती लागते असं ऐकलं म्हणून मुद्दाम उंच माणसाची पँट घेतली. दुकानातल्या सुती चिंध्या होत्या त्या रोपांच्या बुडाशी अंथरल्या. मातीला ऊन लागत नाही आणि पाणी निम्म्यावर आलं.

पंधरा दिवसांपूर्वी टपाल कचेरीतले एक कारकून आले आणि चार वर्षांपूर्वी टाकलेली तपकिरी पँट मागू लागले. मी गडबडलो. तोंडातून निघून गेलं, “थोडं थांबा, अजून पिकली नाही.” शेवटी त्यांना गॅलरीत आणून दाखवली. दोन्ही पाय चाचपून बघितले बिचाऱ्यांनी. म्हणाले, “माझ्या अंगावर ही कधी एवढी भरली नव्हती.” आता ते दर शनिवारी स्वतःच्या पँटीला पाणी घालायला येतात.

आमच्या हिचंही पत्र आलं. लिहिते, ‘माझ्या गादीला आठवड्यातून एकदा ऊन दाखवत जा.’ मी खरं तेच कळवलं, की गादी हल्ली उन्हातच असते. तिला फार बरं वाटलं.

एक-दोन बारीक गोष्टी. दंतवैद्य तक्रार करतात की वरून त्यांच्या गॅलरीत चहासारखं पाणी ठिबकतं. गादी पाणी फार पिते, बादलीभर घातलं तरी कुठं गेलं ते दिसत नाही. आणि गॅलरी मधोमध जराशी खाली आल्यासारखी वाटते. पण माझ्या चष्म्याचा नंबरही बदलला असेल. चालेल ना?

तुमचा शेतकरी व्याही

२३ मार्च

व्याहीबुवा,

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. टपालावर विसंबायला वेळ नाही, आणि पुढचं फोनवर बोलायचं धाडस नाही.

आधी सांगते ते करा, मग पुढे वाचा. गादीला पाणी घालणं आत्ता बंद. ओल्या गादीचं वजन किती होतं याची तुम्हाला कल्पना नाही. कात्रीने तिचे चार तुकडे करा. दोन भिंतीलगत ठेवा, दोन गच्चीवर न्या. खाली विटांवर फळ्या टाका, म्हणजे पाणी निथळेल, आणि त्याखाली ताटं ठेवा. ताटातलं पाणी पुन्हा झाडांनाच घाला. खोळ टेरिलिनची असेल तर काढून टाका, ती तुमच्या पणतवंडांपर्यंत कुजणार नाही. बांधकामातल्या माणसाला बोलावून गॅलरी दाखवा. त्याने हो म्हणेपर्यंत तिच्यात उभं राहू नका.

झालं? आता बसा.

गादी वाफा हा सगळा मिळून एक शब्द आहे. वाफा म्हणजे रोपं लावायला आखून घेतलेला मातीचा तुकडा. तो गादीसारखा उंच केला की त्याला गादी वाफा म्हणतात. त्यात गादी नसते. वाफ तर नसतेच. माझा एकही व राहिलेला नव्हता.

तुमचं दोन फेब्रुवारीचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. मग हसू थांबलं आणि मनात आलं, गप्प राहावं. गादी सडेल, गॅलरीत काही उगवणार नाही आणि बाळ माझ्याकडे येईल. म्हणून गप्प राहिले. चुकीचं काही सांगितलं नाही, पण बरोबर तेही सांगितलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खताचं पोतं पाठवलं ते त्याच लाजेपोटी.

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. चार खोल्यांच्या घरात मी रोपांशी बोलते आणि त्यांची उत्तरंही मीच देते. हे कारण आहे, सबब नव्हे. माफ करा म्हणायला तोंड नाही, म्हणून लिहून मागते.

आणखी एक. कापूस कुजताना खत आधी स्वतःच खातो, म्हणून पानं पिवळी पडली. वरून आणखी खत घालायचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तेच बरोबर होतं.

विहीण

५ एप्रिल

माननीय माजी अधीक्षक, सरकारी रोपवाटिका, यांस,

आपलं पत्र मिळालं. आपल्या सूचनेनुसार गादीचे चार तुकडे केले. कात्री बोथट झाली, याची नोंद घ्यावी. खोळ काढली. दंतवैद्यांच्या मेहुण्यांचा बांधकामाचा व्यवसाय आहे, त्यांनी गॅलरी पाहिली. गॅलरी शाबूत आहे, वाकलेला आहे तो कठडा आणि तोही पहिल्यापासूनच, असं त्यांचं मत पडलं.

आता माझं मत. गेले सात आठवडे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला छाती फुगवून सांगत होतो की झाड लावण्याआधी गादी वाफवावी लागते. टपाल कचेरीतल्या कारकुनांनी माझं ऐकून घरच्या दोन गाद्या वाफवल्या. दोन! त्यांच्या बायकोला मी काय तोंड दाखवू? मी आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकला आणि आपण माझी अशी गंमत बघत बसाल, हे मला स्वप्नातही

विहीणबाई! फोन आला! मुलगी झाली! तुम्हालाही कळलंच असेल, पण मला कुणाला तरी सांगायलाच हवं आणि जिन्यात भेटेल त्याला सांगून झालंय. दोघी खुशाल आहेत. नाक तुमच्यावर गेलंय म्हणे, म्हणजे घराण्याचं शुद्धलेखन सुधारणार.

वरचं खोडणार होतो, पण घरात कागद एवढा एकच. राग आला होता, खराच आला होता. आता कुठं ठेवला ते सापडत नाही. अहो, आजी झालात तुम्ही! मी आजोबा झालो!

एकदा या आणि वाफा म्हणजे काय असतो ते डोळ्यांसमोर करून दाखवा. लिहून सांगू नका, मी काय वाचेन याचा भरवसा नाही.

आजोबा

२८ मे

व्याहीबुवा,

सुखरूप पोचले. दोन दिवस चांगले गेले. तुमच्या चहात साखर जास्त असते.

तुमची बाग मी जुन्या सवयीने तपासली. पालक, मुळा, घेवडा, सगळं तजेलदार. गादीच्या तुकड्यात बोट घातलं तर आत गांडुळं निघाली. माझ्या वाफ्यांतही एवढी नाहीत. मला हे मान्य करायला बसमध्ये पाऊण तास लागला. रोपवाटिकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे कळवणार नाही, ते मला वेड्यात काढतील. कारकुनांनी त्यांच्या पँटीतलं गाजर आग्रहाने हातावर ठेवलं. खाण्याआधी मी थोडा विचार केला, पण गोड होतं.

आणखी एक पाहिलं, तेव्हा बोलले नाही. कठड्याला आतून तुम्ही सुताची जाळी शिवली आहे, बाळाचं डोकं अडकू नये म्हणून दीड-दीड इंचाच्या घरांची. तिची प्रत्येक गाठ तुम्ही दोनदा मारली आहे. ती पाहिली आणि मला कळलं की नात इथे सुखात राहील. परतताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंना म्हटलं, पिशवीत कांदे आहेत.

विहीण

१० जुलै

विहीणबाई,

पोतं परत नको म्हणाला होतात, तरी परवा ते द्यायला तुमच्याकडं आलो, कारण दुसरं निमित्त सुचेना. तुमची बाग पाहून मी गप्प झालो आणि माझ्या बडबडीला काय झालं म्हणून तुम्हाला नवल वाटलं असेल. खरं सांगू? बाग पाहून नव्हतो झालो. छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात घेताय, फुलांवर मधमाश्या घोंगावतायत, सगळं झकास आहे. पण पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर धुऊन पालथा घातलेला एकच कप आणि एकच ताटली. मला फार वाईट वाटलं हो. माझ्याकडं निदान भांडायला आमची ही येणार आहे.

घरी येऊन एक काम केलं. ते काय ते विचारू नका.

तुमचा व्याही

३० ऑगस्ट

आई आणि बाबा,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे. एक प्रत आईला, एक बाबांना.

आई, तू जूनमध्ये लिहिलंस की परसात साप निघाला, दोनदा निघाला, आणि आम्ही बाबांकडेच राहिलेलं बरं. बाबा, तुम्ही जुलैत लिहिलंत की गॅलरी केव्हाही कोसळेल, शिवाय तिच्यात विंचू आहेत, आणि आम्ही आईकडेच राहिलेलं बरं. कोसळायला आलेल्या गॅलरीत विंचू कशाला राहतील, हे मला समजलं नाही. पण तुम्हा दोघांनाही आमची अडचण होणार, एवढं समजलं. दोन दिवस रडले, आता बरी आहे. तीन माणसं आणि झोळीभर खेळणी म्हणजे कुणालाही जड जाणारच, तुमची काही चूक नाही.

यांना मधल्या गावात नोकरी मिळाली आहे. तुम्हा दोघांकडून बसने सारखाच तासभर. तळमजल्यावरचं घर ठरवलं, आगाऊ बोलणी पक्की झाली. एक नोव्हेंबरला तिथे येतो. मागे अंगण आहे, पण सगळं फरशीचं, मातीचा कण नाही. चालेल. बाळ फरशीवर रांगेल.

तुमची

ता. क. बाबा, सासूबाई आठवडाभर आधी घरी येणार आहेत. म्हणतात, तोवर परक्या अंथरुणावर दहा महिने होतील, मग दोन दिवस माझ्या गादीवर पाठ टेकते.

३ सप्टेंबर

व्याहीबुवा,

साप नव्हता. एकदाही नव्हता. तुमच्या विंचवांचं तुम्ही बघा.

नात तुमच्याकडे यावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा साप सोडला, आणि तुम्ही माझ्यासाठी स्वतःची गॅलरी पाडलीत. दोघांनी मोठेपणा करायला जाऊन लेकराला फरशीवर नेऊन ठेवलं. पत्र हातात पडताच लेकीला फोन केला आणि खरं ते सांगितलं. ती आधी हसली, मग परत रडली, मग तुम्हाला ‘वेडे’ म्हणाली. मला काय म्हणाली ते लिहीत नाही. पण घर ठरलं आहे, नोकरी ठरली आहे, आता ते बदलत नाही आणि बदलूही नये.

तिला फक्त एक हवं होतं, मुलीच्या हाताला माती. आपण दोघं आठ महिने त्याच एका गोष्टीसाठी झटलो आणि नेमकी तीच घालवली. मला फार लागलं आहे. एकतीस वर्षांत फरशीवर काय उगवतं हे मला कुणी विचारलं नाही. या वेळी तुम्ही सांगा.

विहीण

१४ सप्टेंबर

विहीणबाई,

हे पत्र त्या घराच्या मागच्या पायरीवर बसून लिहितोय, अक्षर हलतंय ते हात दुखतायत म्हणून.

परवा पत्ता शोधत इथं आलो. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. तिला विचारलं, अंगणातली फरशी काढली तर चालेल का. म्हणाली, पाऊस पडला की इथं गुडघाभर तळं साचतं, काढाल तर उपकार होतील, पण तुम्ही कोण? म्हटलं, भाडेकरू बाळाचा आजोबा. म्हणाली, उद्योग काय करता? म्हटलं, सध्या हाच. तिनं मला किल्ली दिली. दुकानातलं शिलाई मशीन कालच्या बसनं इथं आणलंय. सकाळी फरश्या काढतो, दुपारी लोकांची कामं शिवतो. कारकून गॅलरीला पाणी घालतात.

पहिल्या फरशीनं अडीच तास घेतले. आजूबाजूचे सगळे म्हणत होते, घण घाला. मी म्हटलं, अंहं, मधून फाडायचं नाही, कडेनं उसवत जायचं. छिन्नीनं चारी बाजूंची दरज मोकळी केली, खालून पहार घातली आणि अख्खी उचलली. एक कोपरासुद्धा उडाला नाही. काढलेल्या सगळ्या फरश्या भिंतीशी रचून ठेवतोय, पायवाटेला होतील.

आणि विहीणबाई, खाली माती आहे! बोट घातलं तर गार लागली. काळी आहे, थोडी चिकटते, तिच्यात एक मुंगी हिंडत होती. चांगली की वाईट ते मला कळत नाही, पण माती आहे. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की घरमालकीण खिडकीत आली. तिला वाटलं, पायावर पडली.

फरश्या एकशे बारा आहेत. माझ्या एकट्याच्यानं दिवसाला दोन निघतात, आणि एक नोव्हेंबरला सात आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. नात सातव्या महिन्यात येतेय, थांबायची नाही. उसवायचं मी बघतो, त्यापुढचं सगळं तुम्ही सांगाल तसं, तोंडी, समोर उभं राहून. एक खोली तुमच्यासाठी झाडून ठेवलीय.

गुरुवारी पहिल्या बसनं या. साडेसातला पोचते. मी स्टँडवर उभा असतो.

तुमचा व्याही